जे आधी येईल ते

आमच्या घरात पुस्तकांची सात कपाटे आहेत आणि मोटारीची एक वही. वही अप्पांची. अप्पा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. एस.टी.च्या आगारात मेकॅनिक म्हणून त्यांची सारी नोकरी कोकणात गेली. २००८ साली निवृत्त होऊन ते आणि आई कोल्हापुरात आमच्याकडे राहायला आले आणि २०१२ साली, भविष्यनिर्वाह निधीतले जे काही उरले होते त्यातून, त्यांनी एक लहानशी पेट्रोल मोटार घेतली. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आम्हांला गाडी चालवता येत होती, तिच्याविषयी काही कळत मात्र नव्हते. अप्पांनी पहिल्याच दिवशी कामाची वाटणी करून टाकली. तुम्ही चालवा, गाडीचे मी बघतो.

ती वही आमच्या हाती आली ती अप्पा गेल्यावर, २०१९च्या डिसेंबरात. लांबट, तपकिरी पुठ्ठ्याची, कण्याशी दोऱ्याने बॉलपेन बांधलेली. आखलेले पाच रकाने : दिनांक, कि.मी., काम, खर्च, पुढील. सात वर्षांत एकही नोंद चुकलेली नाही. ऑइल बदलले. ऑइल फिल्टर बदलला. एअर फिल्टर झाडून बसविला. उजवे पुढचे चाक आवाज करते, पाहणे. आणि चार दिवसांनी : आवाज नाही. सगळ्या वहीत विशेषण असे जवळजवळ सापडत नाही. एका ठिकाणी 'प्लग काळे' असे आहे. पण तेही वर्णन नव्हे, निदान आहे. २०१५च्या एका नोंदीत फक्त एवढेच : चारही चाकांत हवा भरली. स्टेपनीतही. (मिरजेस जाणे आहे.) आईंची शस्त्रक्रिया ज्या दिवशी मिरजेला झाली, त्याच्या आदल्या संध्याकाळची ही नोंद. त्या कंसापलीकडे अप्पांनी आपल्या काळजीला वहीत कोठेही जागा दिलेली नाही.

आमच्यासारख्यांच्या हाती अशी वही पडली की काय होणार, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही तिचे वाचन सुरू केले. १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी जुन्या दप्तरांतील कागदही किती बोलके असतात ते मराठी वाचकाला दाखवून दिले. तीच दृष्टी घरच्या कागदाला लावायला काय हरकत, असे आम्हांला वाटले. मित्र आले की वही बाहेर निघे. मिरजेची नोंद वाचून दाखवली की खोलीत क्षणभर कोणी बोलत नसे आणि (आज हे कबूल करायला हरकत नाही) ती शांतता आम्हांला आवडत असे.

वहीतील 'णे'कारान्त क्रियापदांवर तर आम्ही फारच खूश होतो. पाहणे. बदलणे. आवळणे. टाळणे. मराठी पत्रव्यवहारात ही आज्ञार्थाची जुनी, सभ्य रीत आहे. पत्र पावताच निघून येणे, असे आपले पूर्वज लिहीत. तिच्यात 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, 'मी'ही नाही. काम सांगितलेले असते, पण करणारा कोण ते मोघम राहते. दामल्यांचे व्याकरण (१९११) काढून आम्ही दोघे एक अख्खी संध्याकाळ या रूपावर बोलत बसलो होतो. कर्त्याला अदृश्य करणारी भाषा आणि आयुष्यभर अदृश्य राहून गाड्या चालत्या ठेवणारा माणूस, असे काहीसे समीकरण त्यातून निघाले आणि ते आम्हांला फार सुंदर वाटले.

एम.ए.च्या वर्गाला 'दस्तऐवज आणि साहित्य' या विषयावर बोलताना आमच्यातल्या एकीने वहीची चार पाने दाखवली. वर्ष २०२१, ऑगस्ट महिना. वर्ग अर्थात संगणकाच्या पडद्यावर. त्या पानांत अप्पांची शेवटची नोंद होती. दिनांक १४ सप्टेंबर २०१९, ४१,३०८ कि.मी. काम : ब्रेक ऑइल बदलले. पुढील : सप्टें. २०२१ किंवा ८१,०००, जे आधी येईल ते. बदलणे.

गाडीच्या पुस्तिकेत 'व्हिचएव्हर इज अर्लिअर' असे जे छापलेले असते, त्याचे हे अप्पांनी केलेले मराठी. भाषांतर म्हणून ते चोख आहे. 'यांपैकी जे अगोदर घडेल त्यानुसार' असला शासकीय अवतार आम्ही कदाचित केला असता. त्या दिवशी वर्गात यावरही बरेच बोलणे झाले. किलोमीटर आणि महिने, अवकाश आणि काळ, दोन मापांनी मोजले जाणारे आयुष्य वगैरे. तास संपताना एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, सप्टेंबर म्हणजे पुढचाच महिना. मग बदलणार का ऑइल?"

वर्ग हसला. आमच्यातलीही एक हसली. आणि मग तिने मजकुराचे प्रयोजनमूलक वाचन आणि साहित्यिक वाचन यांतला फरक नीट समजावून सांगितला. योगायोग असा की, 'प्रयोजनमूलक मराठी' ही अभ्यासपत्रिका आमच्यातला दुसरा गेली अनेक वर्षे शिकवतो.

येथे थोडे ब्रेक ऑइलविषयी सांगितले पाहिजे, कारण २०२४च्या मेपर्यंत ते आम्हांलाही ठाऊक नव्हते. मुळात ते ऑइल नव्हेच. तेल समजून कोणी त्यात साधे खनिज तेल ओतले, तर आतली रबरी वायसरे फुगून निकामी होतात. हा ग्लायकॉलच्या कुळातला एक द्रव आहे. पायाने पेडल दाबले की तो दाब हा द्रव नळ्यांतून चाकांपर्यंत पोचवतो. द्रव दाबला तरी आक्रसत नाही, या एका गुणावर सारी व्यवस्था उभी आहे. याचा दुसरा गुण म्हणजे तो हवेतले पाणी शोषतो. डबीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून, हळूहळू, गाडी पळत असो की उभी असो. ताजा 'डॉट ४' प्रतीचा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर आली तरी ती प्रमाणात बसते. 'डॉट ३' असेल तर २०५वरून १४०वर. गावातल्या गावात हिंडताना हा फरक जाणवत नाही. घाट उतरताना मात्र ब्रेक तापतात, ती उष्णता द्रवापर्यंत जाते, पाणी मुरलेला द्रव उकळतो आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ आक्रसते. मग पाय पेडल दाबतो आणि पेडल नुसतेच खाली जाते.

म्हणून 'किंवा दोन वर्षे'. गाडी चाळीस हजार किलोमीटर चालली नाही, तर तो द्रव तितका काळ तरुण राहत नाही.

अप्पांच्या मागे गाडीचे काय झाले ते फार थोडक्यात सांगण्यासारखे आहे. २०२०च्या मार्चात टाळेबंदी आली आणि गाडी अनेक महिने जागेवरून हलली नाही. बॅटरी उतरली, ती नवी घेतली. पुढे महाविद्यालये सुरू झाली. घरापासून आमचे महाविद्यालय तीन किलोमीटर. जाणे तीन, येणे तीन. गाडीला किती सुखात ठेवले आहे आपण, असे आम्ही म्हणत असू. पुस्तिकेच्या शेवटी 'खडतर वापर' म्हणून एक वेगळे कोष्टक असते, ते आम्ही नंतर वाचले. धुळीचे रस्ते, डोंगराळ प्रदेश यांच्याच पंक्तीला तेथे बसवले आहे 'वारंवार आखूड अंतराचे प्रवास' यांना. तीन किलोमीटरांत इंजिन पुरते तापत नाही, आत धरलेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि उडून जायला त्याला सवड मिळत नाही. अप्पा दहा हजारांची वाट न पाहता दर सहा महिन्यांनी ऑइल बदलत, त्याला आम्ही म्हातारपणचा सोस समजत होतो. ते पहिल्यापासून खडतर वापराच्या कोष्टकाप्रमाणेच चालले होते. आमचे आयुष्य त्या कोष्टकात मोडते, हे त्यांनी २०१२ सालीच ओळखले होते.

नाही म्हणायला २०२१ आणि २०२२ साली आम्ही गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. पहिल्या खेपेला एका मोठ्या, वातानुकूलित सर्व्हिस सेंटरात गेलो. तेथे इंजिनाचे डीकार्बनायझेशन, तळाला कोटिंग, आतल्या हवेचे निर्जंतुकीकरण, डॅशबोर्डला चकाकी, अशी बरीच लांब यादी आमच्यापुढे आली आणि आम्ही भिडेपोटी सगळ्याला हो म्हणालो. बिल पाहून घरी आल्यावर भांडण झाले. एखाद्या क्षेत्रातले आपल्याला काही कळत नाही, ही जाणीव शिक्षकी पेशातल्या माणसाला फार झोंबते. दुसऱ्या वर्षी आम्ही सावध होऊन गेलो. टाय लावलेल्या मुलाने पुन्हा तशीच यादी पुढे केली. आमच्यातल्या एकाने खिशातले लाल पेन काढले (परीक्षेचे दिवस होते) आणि इंजिन ऑइल व फिल्टर सोडून बाकी सगळ्या ओळी एकामागून एक खोडून टाकल्या. डीकार्बनायझेशन, काट. कोटिंग, काट. ब्रेक फ्लुइड, काट.

"सर, ब्रेकचं वर्षाच्या हिशेबानं ड्यू आहे," असे तो मुलगा म्हणाला होता. "ब्रेक उत्तम लागतात," असे आम्ही म्हणालो. अनावश्यक गोष्टींच्या गर्दीत आवश्यक गोष्ट लपवून विकणाऱ्यांचा दोष आम्ही आजही नाकारत नाही. एकाच कागदावर, एकाच टंकात, चकाकी आणि ब्रेक शेजारी शेजारी छापलेले असले म्हणजे न कळणाऱ्याने काय करावे? पण आमच्या कपाटात एक दुसरा कागद होता, ज्यावर कोणाला काहीही विकायचे नव्हते. तो आम्ही वर्षापूर्वीच वर्गात शिकवून झालो होतो.

२०२४च्या मे महिन्यात सुटी लागताच देवरुखजवळच्या आमच्या गावी निघालो. गाडीत आम्ही दोघे, मागे आई आणि मुलगी, आणि डिकीत मावेल तेवढे सामान. मलकापूर सोडले, आंबा गाव मागे पडले आणि घाट सुरू झाला. पुढे एक लादलेला ट्रक होता. वळणांवर त्याला मागे टाकता येईना, तेव्हा त्याच्या मागोमाग, ब्रेकवर पाय ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये आम्ही उतरत राहिलो. ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा, असे अप्पा शंभरदा सांगत. ते दुसऱ्यात उतरले असते. काही वेळाने जळका वास आला. तो ट्रकचा असेल असे आम्हांला वाटले. पुढच्या वळणावर पेडल दाबले, तर ते ओल्या कापसावर पाय पडावा तसे खाली गेले.

त्यानंतरचे अर्धे मिनिट आम्हां दोघांना वेगवेगळे आठवते. चालवणाऱ्याला आठवते ते पेडल पुन्हा पुन्हा मारणे, दुसरा गिअर, मग इंजिनाच्या किंकाळीसकट पहिला, आणि ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरे मोठी होत जाणे. शेजारी बसलेलीला आठवतो तो हँडब्रेकवर एकमेकांवर पडलेल्या दोन हातांचा घाम. उजवीकडे दरी होती, डावीकडे डोंगर. डाव्या बाजूच्या गटारात पुढचे चाक उतरले, गाडी खरवडली आणि थांबली. ट्रक पुढच्या वळणाआड गेला. त्याला काहीच कळले नसावे.

मागून आई म्हणाल्या, "थांबलात ते बरं केलंत. मला मघापासून मळमळत होतं."

मुलीने आरशात आमच्याकडे पाहिले. तिला कळले होते. तिने आजीला दार उघडून दिले, पाण्याची बाटली दिली आणि डोंगराच्या अंगाला सावलीत बसवले. आम्ही गाडीपाशी उभे राहिलो. एकमेकांशी बोलण्यासारखे काही नव्हते. तासाभराने, चाके निवल्यावर, पेडल पुन्हा ताठ झाले. मुलगी आणि आई मागून येणाऱ्या एस.टी.ने साखरप्याला उतरल्या. आईंना सांगितले की गाडी गटारातून काढायची आहे, ती हलकी हवी. आणि आम्ही दोघे पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने, उरलेला घाट उतरलो.

साखरप्यातल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पहिल्यांदा ती लहान पांढरी डबी पाहिली. आतला द्रव कोऱ्या चहासारखा काळपट झाला होता.

"ह्ये कधी बदललं होतं?"

आम्ही गाडी किती कमी चालते ते सांगू लागलो. साडेचार वर्षांत जेमतेम नऊ हजार. जणू काही तो आमचा बचाव होता.

"गाडी हुबी ऱ्हायली म्हणून ऑइल पाणी प्यायचं थांबत नाय, सर," तो म्हणाला. त्याच्या स्वरात उपदेश नव्हता. असे घाटातून आलेले त्याने बरेच पाहिले असावेत.

मग त्याने मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. आमच्यातल्या एकाला आत बसवले. तो चाकापाशी पाना लावून बाहेरून सांगायचा : दाबा. धरा. सोडा. दाबा. धरा. सोडा. पारदर्शक नळीतून काळा द्रव आणि बुडबुडे बाटलीत पडत होते; होता होता रंग फिकट पिवळा झाला. चारही चाके याच पद्धतीने. दीड तास लागला. त्याने जे पैसे सांगितले ते मुलीला वाढदिवसाला दिलेल्या पुस्तकांच्या किमतीहून कमी होते. ब्रेकचे पॅडही काढून घासले आणि म्हणाला, "कोल्हापुरात गेलात की एकदा पुरती गाडी दाखवा."

गावी चार दिवस राहून परत आलो. आल्या रात्री वही काढली. पुढील : सप्टें. २०२१ किंवा ८१,०००, जे आधी येईल ते. बदलणे. ज्या 'णे'ने कर्ता अदृश्य होतो म्हणून आम्ही हरखलो होतो, त्याचा कर्ता कोण हे अप्पांना लिहिताना पुरेपूर ठाऊक होते. आपली प्रकृती त्यांना सप्टेंबर २०१९मध्ये कळून चुकली होती. डॉक्टरांकडच्या खेपा सुरू होत्या. दोन वर्षांनंतरचे काम आपण करणार नाही, हे धरूनच ती ओळ लिहिलेली आहे. ती ओळ आम्हांला लिहिलेली होती. तो विद्यार्थी सोडून कोणीही ती तशी वाचली नाही. त्याला आम्ही फोन केला. तो आता सांगलीकडे एका शाळेत आहे. सगळे ऐकून तो काही वेळ गप्प राहिला आणि मग, "मॅडम, सगळे नीट आहात ना?" एवढेच म्हणाला.

आईंना आम्ही अजून सांगितलेले नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी उद्यमनगरात नेली. तेथे अप्पांच्या ओळखीचा एक मिस्त्री आहे. अप्पांना तो 'वस्ताद' म्हणायचा. अप्पा आगारातल्या गोष्टी सांगत : रात्री गाडी आत आली की धुऊन, खाली शिरून, एकेक नट हाताने पाहून पहाटे पुन्हा मार्गावर सोडायची. बंद पडलेली गाडी दुरुस्त केली की प्रवासी चहा पाजतात, पण बंद न पडलेल्या गाडीबद्दल कधी कोणी चहा पाजला नाही, असे म्हणून ते स्वतःशीच हसत. मिस्त्रीने वही मागून घेतली, उभ्या उभ्या चाळली. मिरजेच्या पानावर तो थांबला नाही. सरळ शेवटच्या पानावर गेला, 'पुढील'चा रकाना वाचला आणि मान हलवली. मग कामाला लागला. कूलंट बदलायला झाले होते. गंजरोधक द्रव्ये त्यात उरली नव्हती आणि रंगही गढूळ झाला होता. पंख्याचा पट्टा चिरला होता. शेवटी त्याने टायरच्या बाजूवरचे चार आकडे बोटाने पुसून दाखवले : २३१६. म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी अजून खोल होती. पण कडेच्या रबरावर बारीक भेगांचे जाळे दिसत होते, जे आम्ही रोज गाडी धुताना पाहिले होते आणि ज्याचा अर्थ आम्हांला कधी लागला नव्हता.

"नक्षी बगू नका सर, तारीख बगा," मिस्त्री म्हणाला.

त्या रात्री आम्ही वहीत पहिली नोंद केली. झेरॉक्स काढताना अडचण होते म्हणून कण्याचे पेन आम्ही सोडवून ठेवले होते. ते सापडले, पण सुकले होते. दुसरे बांधले. अप्पांच्या अक्षराखाली आपले अक्षर उमटताना हात अवघडला. आमच्यातल्या एकाने घाटातल्या प्रसंगाविषयी दोन वाक्ये लिहिली होती, ती आम्ही खोडली. राहिले ते असे : ब्रेक ऑइल बदलले (साखरपा). कूलंट बदलले. पट्टा बदलला. इंजिन ऑइल, फिल्टर. पुढील : ब्रेक ऑइल मे २०२६ किंवा ९०,०००, जे आधी येईल ते. टायर, चार, जूनच्या पगारात बदलणे.

'बदलणे'पुढे कंस करून त्यात नाव घालावे असे आमच्यातल्या एकीचे म्हणणे पडले. कोणाचे, यावर थोडी बोलाचाली झाली. शेवटी दोघांची आद्याक्षरे घातली. टायर सात जूनला बसले.